बेचिराख : एका शब्दाची हकीगत

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याला जुनी माणसे सुपा तालुका म्हणत आली. मुंबई इलाख्याच्या दप्तरातही हेच नाव होते. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबईकडे आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तिकडेच राहिला. त्यामुळे सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या रानवट मुलखात घरी कोंकणी, पोथी-भजनात मराठी आणि कचेरीत कानडी अशी तीन भाषांची वहिवाट पडली. तालुक्याचे ठाणे असलेले सुपा हे गाव काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसले होते. काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण बांधण्याचे काम १९७० च्या दशकात सुरू झाले, पुढच्या दशकात पाणी चढले आणि सुपा त्याखाली गेले. गावातील पुष्कळ कुटुंबे रामनगर येथे वसविण्यात आली. तालुक्याची कचेरी जोयड्यास गेली आणि तालुक्याचे नावही बदलले.

या घटनेला मराठीत कोणता शब्द लावावा? गाव जळाले नाही, लुटले गेले नाही, रोगराईने ओसही पडले नाही. तरीही संध्याकाळी जेथे दिवे लागत, तेथे एके दिवशी ते लागेनासे झाले. नेमक्या अशा अवस्थेसाठी मराठीत एक जुना शब्द आहे. मात्र आज तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणी उभे राहत नाही, आग उभी राहते. तो शब्द म्हणजे 'बेचिराख'.

'शत्रूने गाव बेचिराख केले' असे वाक्य शाळकरी मुलालाही कळते आणि त्याचा अर्थ तो 'जाळून राख केली' असाच सांगतो. शब्दाच्या शेवटी राख स्पष्ट दिसत असल्यामुळे शंका घेण्याचे कारणही उरत नाही. वस्तुतः या शब्दाचा राखेशी मुळात काहीही संबंध नाही. 'चिराग' म्हणजे दिवा हा फारसी शब्द. त्याला 'बे' हा अभावदर्शक उपसर्ग लागून 'बेचिराग' झाला. बेवारस, बेदखल, बेइमान हे याच घरचे शब्द. मराठीच्या तोंडी अंत्य 'ग' चा 'ख' झाला आणि बेचिराग गाव बेचिराख झाले. अर्थ एवढाच, की जेथे दिवा लागत नाही असे गाव.

शब्दाचे खरे स्थान महसुली कागदांत होते. परगण्यातील गावांच्या यादीत काही गावे वस्तीची, तर काही बेचिराग अशी नोंद असे. यातली बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठी गावगाड्यात गावाचे दोन भाग मानलेले आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जेथे पिढ्यान्पिढ्यांच्या भिंतींची माती साचून जमीन पांढरट झालेली असते. गाव बेचिराग झाले म्हणजे त्याची पांढरी ओस पडली. काळी नाहीशी झाली असे नव्हे. शेजारच्या गावचे कुणबी येऊन ती जमीन कसू शकत, तिचा सारा सरकारात भरला जाई आणि म्हणूनच गावाचे नाव यादीतून निघत नसे. मराठवाड्यात व उत्तर हिंदुस्थानात महसूल खात्याच्या भाषेत हा शब्द याच थंड, हिशेबी अर्थाने टिकून राहिला. माणसे नसलेले, पण शिव असलेले गाव म्हणजे बेचिराग गाव. जनगणनेच्या तक्त्यांतही निर्जन गावांचा वेगळा आकडा असतो, तो याच प्रकारच्या गावांचा.

(सुप्याच्या संगमावरील नद्यांची नावे काळी आणि पांढरी असावीत, हा केवळ योगायोग आहे. नद्यांची ती नावे गावगाड्यातून आलेली नाहीत. तरी ती वाचताना क्षणभर थबकायला होते.)

दिव्यावरून वस्ती मोजण्याची ही रीत परकी असली, तरी ती मराठी मनात चटकन रुजली याचे कारण उघड आहे. आपल्याकडेही घर जिवंत असल्याची खूण दिवाच आहे. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरात माणूस आहे, ते घर नांदते आहे असे समजायचे. घराण्यातील अखेरचे माणूस गेले की 'घरात दिवा लावायलाही कोणी उरले नाही' असे म्हणतात. मुलाला 'वंशाचा दिवा' म्हणतात. 'दिवा विझला' हे शब्द तोंडून काढणेही अशुभ. दिवा मालवायचा किंवा शांत करायचा. देवस्थानांना व दर्ग्यांना दिवाबत्तीसाठी म्हणून जमिनी इनाम दिल्याची उदाहरणे जुन्या कागदांत जागोजाग सापडतात. जेथे दिव्याला इतके मोल, तेथे 'बेचिराग' हा केवळ कारकुनी शब्द राहणे शक्य नव्हते. शिवकालात फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द रूढ करण्यासाठी राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. या दोहोंतूनही हा शब्द सुखरूप निसटला. भाषाशुद्धीवाल्यांची लेखणी त्याच्यावर फारशी चालली नाही, याचे एक गमतीदार कारण असे संभवते की, त्यातली 'राख' पाहून तो घरचाच आहे अशी बहुतेकांची समजूत झाली असावी.

गावे बेचिराख कशाने होत? सर्वांत मोठे कारण दुष्काळ. १६३० ते १६३२ या वर्षांतील दख्खनच्या दुष्काळात गावेच्या गावे उठली. त्या काळाचा आणखी एक फारसी शब्द मराठीने असाच जपला आहे, 'परागंदा', म्हणजे विखुरलेला. रयत परागंदा होते तेव्हा गाव बेचिराख होते. दोन्ही शब्द एकाच घटनेच्या दोन बाजू सांगतात. दुसरे कारण स्वाऱ्या. वाटेवरच्या गावांतील कडबा, धान्य, गुरे जाऊन मागे काहीच उरत नसे, आणि लोक फौजेची चाहूल लागताच डोंगराचा आसरा घेत. तिसरे कारण हुकूम. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविल्याची व पहार ठोकल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. पुढे शिवाजी महाराजांच्या बालपणी, जिजाबाईंच्या देखरेखीखाली तेथे सोन्याचा नांगर फिरविण्यात आला असे सांगतात. कथेतील तपशील बाजूला ठेवला तरी तिच्यातील व्यवहार खरा आहे. गाव ओस पाडणे हे जसे राज्यकर्त्याचे कृत्य, तसेच ते पुन्हा वसविणे हेही त्याचेच कर्तव्य मानले जाई.

हे दुसरे काम कसे चाले, तेही पाहण्यासारखे आहे. ओस गावाला सरकारातून 'कौल' दिला जाई. पाटलाने रयतेची समजूत घालून तिला परत आणावे, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे करीत काही वर्षांनी पूर्ण आकार. या चढत्या साऱ्याला 'इस्तावा' म्हणत. बैल व बियाणे यांसाठी तगाई मिळे. म्हणजे बेचिराख ही एक अवस्था होती. तिच्यात गाव शिरे, तसेच तिच्यातून बाहेरही पडू शके, कारण काळी जागेवर होती. जमीन जेथल्या तेथे आहे आणि माणूस कोठे तरी जिवंत आहे, हे या शब्दाच्या मुळाशी गृहीत धरलेले होते.

हे गृहीत पुढे सुटले. शब्द दप्तरातून बखरीत, बखरीतून कादंबरीत व वर्तमानपत्रात गेला आणि त्याच्यातील दिवा हळूहळू दिसेनासा झाला. शेजारी 'राखरांगोळी' हा अस्सल मराठी शब्द होताच. दोघांची सांगड बसली. विसाव्या शतकातील युद्धांनी उरलेले काम पुरे केले. विमानांतून बाँब पडून शहरेच्या शहरे जळू लागली, तेव्हा मराठी वृत्तलेखकाला हा शब्द अगदी हाताशी सापडला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब पडला. त्या शहरांविषयी मराठीत लिहिताना 'बेचिराख' हे विशेषण वापरले नाही असा लेख शोधावाच लागेल. व्युत्पत्ती चुकली, पण वर्णन चुकले असे म्हणता येत नाही. लोकांनी शब्दाला दिलेला अर्थ हाही अर्थच असतो आणि कोशकाराला त्याची नोंद करावीच लागते.

याच युद्धाने पाश्चात्त्य भाषांनाही नवे शब्द शोधायला लावले. नाझी राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली. तिला इंग्रजीत रूढ झालेला शब्द 'होलोकॉस्ट'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'संपूर्ण जाळलेले' असा असून बायबलच्या ग्रीक भाषांतरात तो देवाला वाहिलेल्या, पूर्णपणे अग्नीत टाकलेल्या बळीसाठी येतो. म्हणजे तो होमातील आहुतीचा शब्द. पुष्कळ ज्यू विचारवंतांनी त्याला हरकत घेतली ती याच कारणाने. आहुती कोणी तरी कोणाला तरी अर्पण करतो, तिच्यामागे श्रद्धा असते, पुण्य असते. येथे अर्पण काही नव्हते, केवळ खून होते. म्हणून हिब्रूत 'शोआ' हा शब्द पत्करला गेला, ज्याचा अर्थ घोर आपत्ती एवढाच आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी ही मातृभाषा घेऊन मोठ्या संख्येने इस्राएलात गेला. त्या घरांतील मुलांनी हा शब्द शाळेत शिकला, तेव्हा आजी-आजोबांच्या मराठीत त्याला जोड शब्द नव्हता.

राफाएल लेम्किन या पोलंडमधील ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली आणखी एक शब्द घडविला, 'जेनोसाइड'. त्याची अडचण वेगळी होती. त्याला शोक व्यक्त करायचा नव्हता, आरोपपत्र लिहायचे होते. शब्द असा हवा होता की त्यात कर्ता असेल आणि त्याचा हेतूही असेल. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने या गुन्ह्याविषयीचा करार संमत केला. भारताने १९५९ साली त्याला मान्यता दिली. मराठीत यासाठी 'वंशसंहार' व 'वंशविच्छेद' हे शब्द वापरले जातात. 'संहार' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ एकत्र आणणे, आवरून घेणे. ग्रंथाचा 'उपसंहार' त्यातूनच आला, आणि भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकात कोणाच्या वेणीचा नाश होत नाही, द्रौपदीचे मोकळे केस बांधले जातात. शंकराने सृष्टीचा संहार करावा म्हणजे पसरलेले आवरून घ्यावे. असा शांत शब्द खुनाच्या कलमात येऊन बसला आहे. भाषेचा कारभार असा चालतो, त्याला इलाज नाही.

या शब्दांच्या शेजारी 'बेचिराख' ठेवला म्हणजे त्याचे वैशिष्ट्य नजरेत भरते. तो कर्त्याबद्दल काहीच सांगत नाही. मागे काय उरले नाही, तेवढेच सांगतो. कर्ता हवा असेल तर क्रियापदाकडे जावे लागते. 'गाव बेचिराख झाले' आणि 'गाव बेचिराख केले' या दोन वाक्यांत एका अक्षराच्या फरकाने कोणी तरी सुटतो किंवा अडकतो.

हा भाषिक कीस काढण्याचे कारण पुण्याच्या अनुभवात आहे. १२ जुलै १९६१ रोजी काम अपुरे असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही गेले आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली आले. लोकांनी त्याला 'पानशेतचा प्रलय' म्हटले व आजही म्हणतात. प्रलय हा पुराणांतला शब्द. तो कल्पान्ती येतो, कोणाच्या चुकीने येत नाही. रामदासांनी तर दासबोधात पाच प्रलयांची चर्चा करताना रोजच्या झोपेलाही प्रलयात धरले आहे. मानवी हातांनी बांधलेल्या भिंतीच्या फुटण्याला असा शब्द लागला की, चौकशी आयोग नेमला तरी लोकांच्या मनात घटना दैवाच्या खात्यावर जमा होते. पुणेकरांचा त्यात दोष नाही. डोळ्यांपुढे जे आले त्याला तोच शब्द सुचला. पण शब्द सुचला तसा चिकटला.

पाण्याने गावे जाण्याचा दुसरा प्रकार याहून सावकाश असतो, आणि महाराष्ट्राला त्याची ओळख मुळशीने करून दिली. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळशी खोऱ्यात धरणाचे काम हाती घेतले, तेव्हा १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांच्या नावामागे 'सेनापती' लागले ते याच लढ्यात. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला, धरण झाले. मावळ्यांच्या घोषणेत दिवा नव्हता, जमीन होती, हे अगदी समजून घेण्यासारखे आहे. दुष्काळाने उठलेल्या गावाची काळी मागे राहत असे. धरणाने उठविलेल्या गावाची काळीच आधी जाते. परत येण्याचा कौल देण्यासारखे सरकारजवळ काही उरत नाही. म्हणून जुन्या महसुली भाषेतला 'बेचिराख' शब्द येथे पुरा पडत नाही आणि नवा शब्द लागतो.

तो नवा शब्द 'बुडीत'. बुडीत क्षेत्र, बुडीत गाव, बुडीत जमीन असे तो सरकारी पत्रांत येतो. मराठी माणसाला हा शब्द आधीपासून माहीत होता तो सावकाराच्या व पेढीच्या वहीतून. जे येणे वसूल होणार नाही ते बुडीत खात्यात टाकायचे आणि वही पुढे चालवायची. सरकारी कारकुनाने हा शब्द निवडताना वहीचा विचार केला नसेल. त्याला पाणीच म्हणायचे होते. परंतु ज्यांची घरे त्या यादीत होती त्यांना दोन्ही अर्थ ऐकू आले असतील, तर त्यात नवल नाही.

सुपा असेच बुडीत यादीत गेले. धरणाची उंची सुमारे १०१ मीटर. पायथ्याच्या वीजगृहात प्रत्येकी ५० मेगावॉटचे दोन संच. पण धरणाचे खरे काम त्याहून मोठे आहे. पावसाळ्याचे पाणी साठवून ते वर्षभर खाली सोडायचे, म्हणजे नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा येथली वीजगृहे एकाच पाण्यावर चालतात. काळीचा उगम याच तालुक्यात दिग्गी गावाजवळ. तेथून कारवारजवळ समुद्राला मिळेपर्यंत तिचे पाणी अनेकदा चक्रावर चढते. राज्याच्या विजेच्या हिशेबात या नदीचे स्थान फार वरचे आहे. तालुक्यातील रानातल्या कित्येक वाड्यांना मात्र तारा पोचायला धरणानंतरही अनेक वर्षे लागली. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे अलंकार म्हणून वापरावी लागत नाही.

विस्थापितांच्या सभांतून, मग ते मुळशीचे असोत, कोयनेचे असोत वा काळी खोऱ्याचे, पाहुण्यांच्या भाषणात एक शब्द ठरलेला असतो, 'त्याग'. विस्थापितांनी राष्ट्रासाठी, राज्यासाठी केलेला त्याग. येथे होलोकॉस्ट या शब्दावरील आक्षेपाची आठवण होते. दोन घटनांची तुलना करण्याचा प्रश्नच नाही; ती करणे हे अविवेकाचे व निर्दयपणाचे होईल. तुलना आहे ती फक्त शब्दाच्या रचनेची. त्याग करणारा आपल्या इच्छेने देतो. ज्याच्याकडून भूसंपादनाच्या नोटिशीने घेतले गेले, त्याला दाता म्हणून गौरविले की घेणाऱ्याचा उल्लेख करण्याची गरज उरत नाही. 'बेचिराख' या जुन्या शब्दात गौरव नाही. संध्याकाळी दिवा लागत नाही, एवढीच नोंद तो करतो. आणि ती नोंद वाचून, पूर्वी येथे दिवा लागत होता हे कळते. या एका बाबतीत तो 'त्याग' आणि 'बुडीत' या दोहोंपेक्षा प्रामाणिक आहे.

याच तालुक्यात उळवी हे क्षेत्र आहे. बाराव्या शतकात कल्याणला बिज्जल राजाच्या अखेरच्या काळात शरणांचा छळ झाला, कत्तल झाली, आणि बिज्जलाचाही खून झाला. तेथून निसटलेले शरण चन्नबसवण्णांबरोबर वाट काढीत या घनदाट रानात आले, अशी परंपरा आहे. चन्नबसवण्णांची समाधी उळवीस आहे आणि दर वर्षी तेथे मोठी यात्रा भरते. कन्नड परंपरेने त्या सगळ्या उलथापालथीला संहार म्हटले नाही, प्रलय म्हटले नाही, 'कल्याणक्रांती' म्हटले. जे मारले गेले त्यांच्या बाजूने पाहिले, आणि त्यांनी काय आरंभले होते त्यावरून नाव दिले. घटनेला नाव देण्याचा अधिकार तेथे पळून आलेल्यांनी आपल्याकडे ठेवला.

सुप्याच्या लोकांना असे नाव देण्याची सवड मिळाली नाही. ते रामनगरला, जोयड्याला, आणखी कोठे कोठे विखुरले, म्हणजे जुन्या भाषेत परागंदा झाले. महसुली यादीतून गाव गेले, तालुक्याच्या पाटीवरून गेले. राहिले ते एका ठिकाणी. धरण उभे आहे गणेशगुडीला, पण कागदोपत्री ते सुपा धरण आहे, आणि ज्या पाण्याखाली गाव आहे त्या पाण्यालाही सुपा जलाशय म्हणतात.